गाडीतलं नेव्हिगेशन की फोनवरचे मॅप्स? आमच्या कुर्ल्यात दोन्ही कुठे कुठे चुकतात

दोन वर्षांपूर्वी बाबांनी सेकंडहँड गाडी घेतली. 2018 चं मॉडेल, सगळ्यात वरचं व्हेरिएंट, त्यामुळे डॅशबोर्डवर मोठी स्क्रीन आणि त्यात कंपनीनेच टाकलेलं नेव्हिगेशन. बाबांना त्या स्क्रीनचं भारी कौतुक. माझ्या फोनच्या स्टँडकडे ते 'लोंबकळणारं प्रकरण' म्हणून बघायचे. पहिल्याच महिन्यात आम्ही अलिबागला निघालो. शिवडीवरून अटल सेतूवर चढलो आणि दोन मिनिटांत स्क्रीनवरचा बाण निळ्या रंगात शिरला. त्या नकाशाच्या मते आम्ही समुद्रात होतो. पुढची पंधरा-वीस मिनिटं ती बाई शांतपणे 'यू-टर्न घ्या' सांगत राहिली. शेवटी आई म्हणाली, "बंद करा ते, बघवत नाही."

अटल सेतू सुरू झाला 12 जानेवारी 2024 ला. गाडीतला नकाशा 2018 चा. त्याची काय चूक?

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. नकाशे बनवत नाही, पण ऑफिसमध्ये जो कोणी गाडी घ्यायला निघतो तो मला हा प्रश्न विचारतोच: 'नेव्हिगेशनवालं व्हेरिएंट घेऊ का? की फोन आहेच?' मीही आधी 'फोन आहे की' असं फटकन सांगायचे. आता थोडं थांबून सांगते. गेल्या वर्षी एका रात्री फोनचं ऐकून मी बाबांना घेऊन एका गल्लीत अडकले होते. ते पुढे सांगतेच. आधी दोन्ही यंत्रं आतून कशी चालतात ते बघू, म्हणजे कोण कुठे चुकतं ते कळेल.

आपण कुठे आहोत, हे कळतं कसं

जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवर फिरतात. प्रत्येक उपग्रह सतत 'आत्ता किती वाजले आणि मी कुठे आहे' एवढंच ओरडत असतो. तो संदेश आपल्यापर्यंत यायला किती वेळ लागला यावरून अंतर काढतात. एक नॅनोसेकंद चुकला तर अंतर 30 सेंटिमीटरने चुकतं. किमान चार उपग्रह दिसावे लागतात: तीन जागेसाठी आणि चौथा आपल्या स्वस्त घड्याळाची चूक काढण्यासाठी. 2 मे 2000 पर्यंत अमेरिका सामान्य लोकांसाठीचा सिग्नल मुद्दाम बिघडवून देत असे. त्यामुळे शंभर मीटरची चूक सहज व्हायची. ती बंधनं उठल्यावरच रस्त्यावरचं नेव्हिगेशन खऱ्या अर्थाने उपयोगाचं झालं.

इथपर्यंत फोन आणि गाडी सारखेच. फरक पुढे सुरू होतो.

उपग्रह आपली सविस्तर माहिती सेकंदाला 50 बिट या वेगाने पाठवतो. तुमच्या वायफायच्या तुलनेत ही बैलगाडी झाली. थंड सुरुवातीला गाडीला उपग्रहांची ताजी माहिती आकाशातूनच घ्यावी लागते आणि त्यात अर्धा मिनिट किंवा जास्त जातो. फोन तीच माहिती इंटरनेटवरून उचलतो, म्हणून पार्किंगमधून बाहेर पडता पडता त्याला जागा सापडते. दुसरीकडे, गाडीचा अँटेना बहुतेक वेळा छतावर असतो, उघड्या आकाशाखाली. फोन बिचारा पत्र्याच्या डब्यात, काचेमागे, कधी कधी तर गिअरजवळच्या खाचेत पडलेला. बीकेसीत शिरलात की काचेच्या इमारतींवर सिग्नल आपटून उशिरा पोचतो आणि फोनचा निळा ठिपका शेजारच्या रस्त्यावर उडी मारतो. दोन फ्रिक्वेन्सी ऐकणारे फोन 2018 पासून यायला लागले, त्यांच्यात हा त्रास कमी आहे. पण सगळ्यांच्या फोनमध्ये ती सोय नसते.

सांताक्रूझ-चेंबूर लिंक रोडचा दुमजली पूल

आमच्या भागातला सगळ्यात कठीण पेपर हा. एप्रिल 2014 मध्ये हा रस्ता सुरू झाला. कुर्ल्यात तो रेल्वेवरून जातो तिथे एकावर एक असे दोन मजले आहेत. वर गाड्या, त्याखाली गाड्या आणि सगळ्यात खाली रूळ. ज्याने हा पूल बांधला त्याला सलाम, पण नकाशावाल्यांच्या दृष्टीने ही डोकेदुखी आहे. कारण दोन्ही मजल्यांचे अक्षांश-रेखांश एकच!

तुम्ही म्हणाल, जीपीएस उंचीही सांगतं ना? सांगतं, पण वाईट सांगतं. आडव्या दिशेला उपग्रह आपल्या चहूबाजूंना असतात, त्यामुळे चुका एकमेकींना सांभाळून घेतात. उभ्या दिशेला सगळे उपग्रह वरच्याच अंगाला. जमिनीखाली उपग्रह नाही. म्हणून उंचीतली चूक आडव्या चुकीच्या दीड-दोन पट असते. दोन मजल्यांमधलं अंतर त्या चुकीत सहज विरघळून जातं.

मग ॲप काय करतं? ते तुम्हाला रस्त्याला 'चिकटवतं'. याला मॅप मॅचिंग म्हणतात. जीपीएसचा ठिपका बिल्डिंगच्या गच्चीवर पडला तरी ॲपला माहीत असतं की गाडी गच्चीवर नसणार. मग ते विचारतं: आधी ही गाडी कुठल्या रस्त्यावर होती, तिथून इतक्या सेकंदांत कुठे कुठे पोचू शकते, आणि त्यातला कुठला रस्ता या ठिपक्याच्या जवळ आहे? 2009 मध्ये पॉल न्यूसन आणि जॉन क्रम या मायक्रोसॉफ्टच्या दोघांनी यासाठी हिडन मार्कोव्ह मॉडेल वापरायची रीत मांडली आणि आज बरीच सॉफ्टवेअर्स त्याच वाटेने जातात. सोप्या शब्दांत, लोकलच्या डब्यात डोळे मिटून बसलेला माणूस जसा वळण आणि थांबे मोजून 'आता विद्याविहार आलं असेल' म्हणतो, तसंच.

यात गंमत अशी की पुलावर चढतानाचे पहिले शंभर मीटर सगळं ठरवतात. रॅम्प आणि खालचा रस्ता तिथे अगदी शेजारी असतात. तिथे ॲपने चुकीची बाजू धरली की पुढे पूल संपेपर्यंत ते चुकीच्याच मजल्यावर राहतं. नंतरचा प्रत्येक ठिपका दोन्ही मजल्यांना सारखाच बसतो, त्यामुळे चूक उघडकीलाच येत नाही.

इथे गाडीच्या आतल्या यंत्राला एक फायदा आहे. ते गाडीला पक्कं बसवलेलं असतं. गाडीचं नाक वर झालं, म्हणजे आपण चढावर आहोत, हे त्याच्या सेन्सरला कळू शकतं. फोनमध्येही तसेच सेन्सर असतात. पण फोन स्टँडवर हलतो, कोणी उचलून मेसेज बघतं, कोणी आडवा करतं, मग चढ कुठला आणि फोन उचलला कुठला हे वेगळं काढणं अवघड जातं. काही फोनमध्ये हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो. साधारण आठ मीटर वर गेलं की दाब एका हेक्टोपास्कलने कमी होतो. पण काच खाली केली किंवा पंखा वाढवला तरी दाब किंचित हलतो.

जुलै 2024 मध्ये गूगल मॅप्सने भारतातल्या 40 शहरांसाठी 'फ्लायओव्हर घ्या' अशी वेगळी सूचना सुरू केली. मॅपल्समध्ये तर पुलाच्या तोंडाशी चित्रच येतं, कुठल्या लेनने चढायचं त्याचं. दोन्ही चांगल्या गोष्टी. पण नीट बघा: ती सूचना तुम्ही चढायच्या *आधी* मिळते. चढल्यावर तुम्ही नक्की वर आहात की खाली, हा प्रश्न त्याने सुटत नाही. मी तपासून बघितलंय. मुद्दाम सूचना मोडून खालून गेले, तरी फोन बराच वेळ मी वर असल्यासारखाच बोलत राहिला.

हा प्रश्न फक्त वेळेचा नाही. जुलै 2025 मध्ये बेलापूरला रात्री मॅप बघत चाललेली एक कार खाडीपुलावर चढण्याऐवजी पुलाखालच्या रस्त्याने गेली आणि ध्रुवतारा जेट्टीवरून थेट खाडीत पडली. सागरी सुरक्षा पोलीस जवळच होते, त्यांनी चालक महिलेला बाहेर काढलं, म्हणून ती वाचली. पुलावर की पुलाखाली, एवढाच फरक होता.

बोगदा आला की उपग्रह संपले

गिरगाव चौपाटी ते प्रियदर्शिनी पार्क हा कोस्टल रोडचा बोगदा सुमारे दोन किलोमीटर लांब आहे. आत उपग्रह नाहीत. फोन सर्वसाधारणपणे असं धरून चालतो की तुम्ही आत शिरताना ज्या वेगाने होतात त्याच वेगाने जात असणार. आत ट्रॅफिक तुंबलं असेल तर फोनवरचा बाण बोगद्यातून बाहेर निघून वरळीकडे पळालेला असतो आणि तुम्ही आतच लाल दिवे बघत बसलेले असता.

गाडी मात्र चाकं मोजते. एबीएससाठी प्रत्येक चाकाला वेगाचा सेन्सर असतोच. त्यावरून किती अंतर गेलो आणि जायरोस्कोपवरून किती वळलो, हे जोडत जोडत जागा काढता येते. टायरची हवा कमी-जास्त असल्याने एक टक्का चूक धरली तरी दोन किलोमीटरला वीस मीटर, म्हणजे काहीच नाही. ताशी 60 ने चाललेली गाडी सेकंदाला जवळजवळ 17 मीटर जाते. बोगद्याबाहेर आल्यावर फोनला उपग्रह पुन्हा पकडायला पाच सेकंद लागले तर ऐंशी-पंच्याऐंशी मीटर गेले. उत्तरेकडे जाताना बोगदा संपल्यावर लगेच कुठे उतरायचं ते ठरवावं लागतं, आणि एक्झिट चुकला तर कोस्टल रोडवर यू-टर्न मिळत नाही.

ही युक्ती जीपीएसच्याही आधीची आहे, बरं का. होंडाने 1981 मध्ये ॲकॉर्ड गाडीसाठी इलेक्ट्रो जायरोकेटर नावाचं यंत्र आणलं होतं. उपग्रह वगैरे काही नाही. वायूवर चालणारा जायरोस्कोप, चाकांचं अंतर आणि छोट्या पडद्यावर पारदर्शक नकाशाचा कागद. कागद संपला की दुसरा सरकवायचा. 1985 मध्ये कॅलिफोर्नियातल्या इटॅक कंपनीने नकाशे चक्क कॅसेटवर आणले आणि चाकांवरून काढलेली जागा नकाशावरच्या रस्त्याशी जुळवून चूक सुधारायची सोय केली. म्हणजे मघाशी सांगितलेलं मॅप मॅचिंग. आज आपण जे नवं समजतो त्यातलं निम्मं तिथलंच आहे.

नकाशा किती शिळा?

आता बाबांच्या स्क्रीनकडे. गाडी बाजारात यायच्या दोन-तीन वर्षं आधीच तिच्या स्क्रीनचा प्रोसेसर, मेमरी, सॉफ्टवेअर ठरून जातं. उन्हात तापलेल्या डॅशबोर्डमध्ये दहा वर्षं टिकायचं तर चिप वेगळ्या दर्जाच्या लागतात, त्यांच्या चाचण्या लांबतात. आमच्याकडे एखादा बदल दोन आठवड्यांत लोकांपर्यंत जातो. तिथे तसं नाही, आणि ब्रेकच्या शेजारी बसणारं सॉफ्टवेअर घाईने बदलू नये हे मला पटतंही. पण नकाशा ही वेगळी गोष्ट आहे. मुंबईत तर फारच वेगळी. आमच्या गाडीच्या नकाशात चुनाभट्टी-बीकेसी पूल नाही (तो नोव्हेंबर 2019 चा), कोस्टल रोड नाही, अटल सेतू नाही. लिंक रोडच्या विस्तारातला कलिन्याजवळचा केबलचा पूल ऑगस्ट 2025 मध्ये खुला झाला, त्याचा तर प्रश्नच नाही. समृद्धी महामार्ग नागपूरहून शिर्डीपर्यंत डिसेंबर 2022 मध्ये आला आणि इगतपुरी-आमणे हा शेवटचा टप्पा 5 जून 2025 ला. त्या स्क्रीनवर 701 किलोमीटरचा अख्खा रस्ता शेतजमीन आहे.

अपडेट मिळतो का? मिळतो. सर्व्हिस सेंटरला विचारलं तर त्यांनी पेनड्राइव्ह, फी आणि अर्धा दिवस गाडी ठेवून जा असं सांगितलं. फी ऐकून बाबांनी विषय बदलला.

इथे एक गैरसमज दूर करते. गाडीतला नकाशा म्हणजे वाईट नकाशा, असं नाही. भारतात अनेक गाड्यांच्या आतल्या नेव्हिगेशनमागे मॅपमायइंडियाचा नकाशा असतो. राकेश आणि रश्मी वर्मा या दांपत्याने 1995 मध्ये हे काम सुरू केलं, गूगल मॅप्सच्या दहा वर्षं आधी. रस्त्यावर माणसं फिरवून, घर नंबर टिपून. 2021 च्या डिसेंबरमध्ये कंपनी शेअर बाजारात आली. हाच नकाशा तुम्ही फोनवर मॅपल्स नावाने वापरलात तर ताजा मिळतो आणि जुन्या गाडीत गोठलेला. माल एकच, एक फ्रिजमधला आणि एक फडताळातला.

2019 नंतरच्या बऱ्याच गाड्यांमध्ये आत सिमच असतं. ह्युंदाई व्हेन्यू, एमजी हेक्टर यांनी त्या वर्षी 'कनेक्टेड कार'ची जाहिरात जोरात केली होती. अशा गाड्या नकाशा आणि ट्रॅफिक हवेतून घेऊ शकतात. फक्त ही सेवा किती वर्षं फुकट आहे आणि नंतर वर्षाला किती, हे ब्रोशरच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असतं. सेकंडहँड घेताना तर ती संपलेलीच असेल असं धरून चाला.

त्या रात्री

आता ट्रॅफिकबद्दल. इथे फोन जिंकतो, असं सगळेच म्हणतात. मीही म्हणायचे.

फोनला ट्रॅफिक कळतं ते इतर फोनमुळे. रस्त्यावरून जाणारे शेकडो फोन आपापला वेग कळवतात, त्याचा हिशोब करून रस्ता हिरवा-लाल होतो. फेब्रुवारी 2020 मध्ये बर्लिनच्या सायमन वेकर्ट नावाच्या कलाकाराने एका हातगाडीत 99 फोन भरून ती रिकाम्या रस्त्यावरून हळूहळू ओढली आणि नकाशावर तो रस्ता लाल झाल्याचं दाखवलं. जगभर हसले लोक. मी मात्र उलट्या बाजूने विचार करत होते. हातगाडीमुळे मोकळा रस्ता लाल होतो, तसा बंद रस्ता हिरवा होऊ शकतो का?

उत्तर मला गेल्या वर्षी जुलैमध्ये मिळालं. रात्री साडेदहाला बाबांना घाम फुटला, डाव्या खांद्यात दुखायला लागलं. 108 ला फोन करायला हवा होता हे आता कळतं. तेव्हा गाडी खाली उभी होती, म्हणून मीच काढली. आम्ही कमानीजवळ राहतो, सायनच्या दिशेला जायचं होतं. सरळ रस्ता म्हणजे एलबीएस मार्ग, कुर्ला डेपोवरून. फोनवर एलबीएस लाल होता, 19 मिनिटं. ॲपने डावीकडच्या एका गल्लीतून दुसरा रस्ता दाखवला: 14 मिनिटं. बाबा मागून म्हणाले, "अगं, सरळ चल ना, एलबीएसने." मी फोनचं ऐकलं. पाच मिनिटं वाचत होती ना.

गल्लीत दोन्ही बाजूला रिक्षा लावलेल्या. मध्यावर एक टेंपो माल उतरवत होता. त्यापुढे पाणी साचलेलं. समोरून पाण्याचा टँकर. मागे तोवर तीन गाड्या येऊन चिकटल्या, त्याही बहुतेक त्याच ॲपचं ऐकून. गल्लीतल्या मुलांनी एकेक गाडी मागे घ्यायला लावली, 'आने दो, आने दो' करत. एका काकांनी टेंपोवाल्याला शिव्या घालून टेंपो हलवला. आम्ही पोचलो चाळीस मिनिटांनी. बाबांची नंतर अँजिओप्लास्टी झाली, आता ठीक आहेत, सकाळी चालायला जातात. पण त्या गल्लीत मागे वळून बघताना त्यांचा चेहरा दिसत होता, तो मला अजून आठवतो.

नंतर मी यावर इंजिनिअरसारखा विचार केला, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. माझा अंदाज असा: त्या गल्लीतून बाइक सहज जातात. ज्या गल्लीत चारचाकी फारशी शिरतच नाही, तिथला वेग बाइकवाल्यांच्या फोनवरूनच ठरणार. गूगलने डिसेंबर 2017 मध्ये भारतात बाइकसाठी वेगळा मोड आणला, दोघांना वेगळं ओळखायचा प्रयत्न ही ॲप्स करतातच. पण रिक्षांच्या रांगेतून हळू सरकणारी बाइक आणि हळू चाललेली कार यांत दुरून फरक काय दिसणार?

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ॲप सरासरी बघतं. उदाहरण म्हणून आकडे घ्या. गल्लीतून दहापैकी नऊ वेळा 14 मिनिटं लागतात आणि एकदा 45. सरासरी 17. एलबीएसवरून कधी 19, कधी 21, सरासरी 20. ॲपच्या हिशोबात गल्ली जिंकली. ऑफिसला जाताना हा हिशोब बरोबर आहे, दहा दिवसांतले नऊ दिवस मी फायद्यात. पण मागच्या सीटवर छातीत दुखणारा माणूस असेल तेव्हा मला सरासरी नको असते. तो दहावा दिवस नको असतो. असं सांगायचं बटण कुठल्याच ॲपमध्ये मी पाहिलेलं नाही. 'टोल टाळा' आहे, 'महामार्ग टाळा' आहे, 'फेरी टाळा'सुद्धा आहे. 'गल्ल्या टाळा' नाही. जुलै 2024 मध्ये गूगलने अरुंद रस्ते ओळखायची सोय आणली, पण सुरुवातीच्या आठ शहरांत मुंबई नव्हती.

आणि बाबांच्या जुन्या स्क्रीनने काय केलं असतं? मी नंतर एका रविवारी तोच पत्ता टाकून बघितला. सरळ एलबीएस. त्या बिचाऱ्या प्रोसेसरला प्रत्येक गल्लीचा हिशोब परवडत नाही आणि ट्रॅफिक तर त्याला माहीतच नाही. अशी यंत्रं मोठ्या रस्त्यांना आधी पसंती देतात आणि गल्ल्यांकडे फक्त सुरुवातीला आणि शेवटी बघतात. अज्ञानामुळे का होईना, उत्तर बरोबर आलं असतं.

पाणी कोणालाच दिसत नाही

26 जुलै 2005 ला मी तिसरीत होते. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस, मिठी नदी कुर्ल्यात शिरलेली, मोबाइल बंद. बाबा ऑफिसमधून चालत निघाले ते दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचले, अनोळखी लोकांनी धरलेल्या दोरीच्या आधाराने. आजही मोठा पाऊस झाला की क्रांतीनगरच्या लोकांना हलवावं लागतं.

अशा दिवशी दोन्ही नकाशे जवळजवळ आंधळे असतात. गाडीतल्याला तर काही कळायचा मार्गच नाही. फोनला कळतं, पण उशिरा आणि अप्रत्यक्ष: आधी गाड्या थांबतात, मग रस्ता लाल होतो. पाणी वाढलं की लोक त्या रस्त्याला जायचंच सोडतात. मग तिथून फोनच जात नाहीत, म्हणजे माहितीच येत नाही. नकाशावर ट्रॅफिकचा रंग नसलेला रस्ता मोकळा असू शकतो किंवा बुडालेला. जानेवारी 2021 मध्ये अकोले तालुक्यात कोतूळजवळ असंच झालं. पुण्याहून कळसूबाईला निघालेली गाडी रात्री नकाशा बघत जुन्या पुलावर गेली. तो पूल पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली होता. दोघे पोहून बाहेर आले, एकाचा जीव गेला. तिथल्या कुठल्याही माणसाने सांगितलं असतं की पूल कित्येक महिने पाण्यात आहे. कुणी ते नकाशाला सांगितलं नव्हतं. सांगता येतं, बरं का. ॲपमध्ये 'रस्ता बंद आहे' असं कळवायची सोय असते. मी आता आमच्या भागात खोदकाम दिसलं की कळवते. दोन मिनिटं लागतात.

मग घ्यायचं काय?

मधला मार्ग आहे आणि तो बहुतेकांना पुरतो: अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले. 2014 मध्ये दोन्ही जाहीर झाले. नकाशा आणि ट्रॅफिक फोनचं, स्क्रीन गाडीची. काही गाड्या तर आपला छतावरचा जीपीएस आणि चाकांचा वेगही फोनला पुरवतात, मग बोगद्यातही बाण जागेवर राहतो. सगळ्या गाड्या हे करत नाहीत. टेस्ट ड्राइव्हला एखाद्या बेसमेंट पार्किंगमध्ये शिरा, दोन वळणं घ्या आणि बाण वळतो का बघा. सेल्समन चक्रावतो, पण उत्तर मिळतं.

याहून वेगळा प्रकार म्हणजे अँड्रॉइड ऑटोमोटिव्ह. नाव सारखं, गोष्ट वेगळी. यात फोन लागतच नाही, गूगल मॅप्स गाडीतच राहतं. 2020 ची पोलस्टार 2 ही अशी पहिली गाडी. काही कंपन्यांना तर फोनने स्क्रीनचा ताबा घेणंच नको आहे. जनरल मोटर्सने 2023 मध्ये आपल्या नव्या इलेक्ट्रिक गाड्यांतून कारप्ले काढायचं जाहीर केलं. कारण सरळ आहे, तुम्ही कुठे जाता ही माहिती आणि वर्गणीचे पैसे कोणाकडे जाणार याचं भांडण आहे ते.

इलेक्ट्रिक गाडी घेत असाल तर मात्र माझं उत्तर बदलतं. गाडीतल्या नेव्हिगेशनला बॅटरी किती उरली, एसी किती ओढतोय हे माहीत असतं. कसारा घाट चढून नाशिकला पोचेन की मध्ये चार्ज करावी लागेल, हे फोनपेक्षा गाडी चांगलं सांगू शकते. तिथे पैसे मोजावेत. पेट्रोल गाडीत फक्त नेव्हिगेशनसाठी वरचं व्हेरिएंट घेऊ नका. एअरबॅग्ज जास्त मिळत असतील तर त्यासाठी घ्या.

शोरूममध्ये स्क्रीनवर अटल सेतू शोधा, मग समृद्धीचं आमणे टोक. दोन्ही सापडले तर नकाशा ताजा. अपडेट कसा येतो, किती वर्षं फुकट, हे लिहून घ्या. फोनवर तुमच्या जिल्ह्याचा ऑफलाइन नकाशा उतरवून ठेवा. ट्रॅफिक कळणार नाही, पण घाटात नेटवर्क गेल्यावर रस्ता तरी दिसेल. आणि फोन स्टँडवरच ठेवा. 2020 च्या नियमबदलानुसार गाडी चालवताना फोन फक्त रस्ता बघण्यासाठी वापरता येतो, तोही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. हातात धरून नव्हे.

आमच्या घरी आता तडजोड झाली आहे. रस्ता फोन सांगतो, पण निघण्याआधी मी पूर्ण मार्ग बोटाने सरकवून बघते आणि तो एलबीएस किंवा हायवे सोडून कुठे आत शिरत असेल तर बाबांना विचारते. ते अर्धं मिनिट विचार करतात, "तिथे शुक्रवारी बाजार भरतो" किंवा "तिथलं गटार उघडं आहे" असं काहीतरी सांगतात. जुनी स्क्रीन बंद केलेली नाही. अलिबागला जाताना ती अजून आम्हाला समुद्रातून नेते आणि बाबा हट्टाने तिचा आवाज चालू ठेवतात.